पाकीट उघडायचं की फोडायचं?

प्रश्न : टपालाने आलेल्या पाकिटाबद्दल तक्रार लिहिताना मी ‘पाकीट फोडलेले मिळाले’ असं लिहिलं. मुलगा म्हणतो, फोडतात तो नारळ, पाकीट उघडतात. कोणाचं बरोबर?

उत्तर : तुमचं. एकदा उघडल्यावर पुन्हा तशीच बंद होणार नाही अशी वस्तू पहिल्यांदा उघडणे, हाही ‘फोडणे’चा अस्सल मराठी अर्थ आहे. चहाचा पुडा फोडतात. तीच पूड डब्यात ओतली की डबा रोज उघडतात. तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा मात्र फोडतातच : एका कोपऱ्यात भोक तेलासाठी, समोरच्या कोपऱ्यात दुसरं हवेसाठी. दुसरं पाडलं नाही तर तेल गचके खात येतं आणि सांडतं.

बंद कशाने केलं आहे, त्यावर क्रियापद ठरतं. गाठ असेल तर सोडायची, म्हणून गाठोडं सोडतात आणि बरणीच्या तोंडाला बांधलेलं फडकं, म्हणजे दादराही सोडतात. शिवण उसवायची, बूच काढायचं, लाखेचं सील तोडायचं. काचेच्या बाटलीला ‘फोडली’ म्हटलं की ऐकणाऱ्याला आधी काचाच दिसतात. तिथे ‘उघडली’ हेच बरं.

हक्काचा प्रश्न आला की ‘फोडणे’ला धार चढते. कुलूप किल्लीने उघडतात, चोर फोडतो. मतपेटी अधिकारी उघडतात, गुंड फोडतात. परीक्षेच्या वर्गात प्रश्नपत्रिकांचं पाकीट फोडणं हे पर्यवेक्षकाचं काम; ‘पेपर फोडणं’ हा गुन्हा. क्रियापद तेच, कर्म बदललं. सरकारी कागदांत मात्र निविदा ‘उघडतात’. तिथे ‘फोडल्या’ लिहिलं तर चौकशी लागेल.

मुलाला ही जोडीही दाखवा : सुटणे–सोडणे, तुटणे–तोडणे, फाटणे–फाडणे, फुटणे–फोडणे. पहिलं आपोआप होतं, दुसरं कोणीतरी करतं. ‘ट’चा ‘ड’ होतो, ‘उ’चा ‘ओ’. संस्कृत ‘स्फुट्’ धातूपासून आलेल्या आपल्या जोडीतही तेच झालं आहे.

तुमच्या तक्रारीत हा फरक फार महत्त्वाचा आहे. ‘पाकीट फुटलेले मिळाले’ म्हणजे वाटेत दाबलं गेलं, कडा उसवली; ‘फोडलेले मिळाले’ म्हणजे कोणीतरी हात घातला. डिंकाची पट्टी सुरीने सरळ कापलेली असेल, तर ‘फोडलेले’च ठेवा आणि पट्टीचा फोटो जोडा. कोपरा नुसता चेपून फाटला असेल, तर ‘फुटलेले’ लिहा.