आधी ड्रमरची बिदागी

प्रिय बाळ,

तुझी मेल दोनदा वाचली. पाच प्रश्न विचारलेस. त्यांतले चार गाण्याचे आहेत आणि गाण्यातलं मला फारसं कळत नाही, हे तुला ठाऊक आहे. मी जन्मभर दुसऱ्यांच्या बँडच्या गाड्या हाकल्या, विक्रीचं टेबल मांडलं, मध्यरात्री हिशेब केले. म्हणून उरलेल्या एकाचं उत्तर आधी देतो: 'काका, बँड कायमचा ठेवू का?'

'ठेवू' हा शब्द तू सहज लिहून गेलीस, पण सगळं त्यातच आहे. परवापर्यंत गिटार पाठीला लावून एकटी जायचीस. लोक आले नाहीत तर उपाशी तू एकटी. आता ड्रमर, बासवाला आणि पेडल स्टीलवाला (ती आडवी ठेवून वाजवायची गिटार), अशी तीन माणसं तू 'ठेवणार' आहेस. गाणी लिहिणं ही कला असेल, पण बँड ठेवणं हा संसार आहे.

कागदावर मांडून दाखवतो. समज, शहराबाहेरचा एक क्लब आहे. रात्रीचे साडेबारा. पोरं ट्रेलरमध्ये सामान भरतायत आणि तू मागच्या खोलीत, बिअरच्या पिंपांशेजारी, क्लबवाल्याच्या कॅल्क्युलेटरकडे बघत बसली आहेस. ठरलेली रक्कम १००० डॉलर. बुकिंग एजंटचे दहा टक्के गेले, उरले ९००. तिघांना १५० प्रमाणे ४५०. मोटेलच्या दोन खोल्या १८०, पेट्रोल ९०, चौघांचा जेवणभत्ता १००. हातात राहिले ८० डॉलर. त्यातून गाडीचा विमा, गिटारच्या तारा आणि पुढच्या अल्बमचं स्वप्न!

आता विक्रीच्या टेबलाकडे ये. चौदा टी-शर्ट आणि नऊ एलपी गेल्या, सगळं तीस-तीस डॉलरला, म्हणजे ६९०. क्लबनं टी-शर्टांवर वीस टक्के कापले, छपाईचा आणि एलपीचा खर्च वजा केला, तरी साडेतीनशेच्या आसपास सुटतात. त्या रात्री तू गायिका म्हणून ऐंशी कमावलेस आणि दुकानदार म्हणून चौपट. यात कमीपणा काही नाही. शेवटचं गाणं संपलं की घाम पुसत थेट टेबलामागे उभी राहायचं. लोक शर्ट घेत नाहीत, तुझ्याशी दोन वाक्यं बोलायला मिळतात म्हणून घेतात. आणि टेबलावरचा माल खेळाआधी मोजायचा, खेळानंतर पुन्हा मोजायचा. मी पहिल्या दौऱ्यात मोजला नव्हता. अख्खं एक खोकं कुठे गेलं ते अजून कळलेलं नाही.

त्या ९०० मधून पहिले पैसे कोणाचे? ड्रमरचे. त्याचं सामान सगळ्यात जड आणि नाव पोस्टरवर सगळ्यात लहान. माणसं नाही आली, क्लबवाल्यानं हात वर केले, तरी त्याचे दीडशे त्याच रात्री त्याच्या हातात. तुझे उरले तर उरले.

हे मी नॅशव्हिलमध्ये, या गाण्याच्या शहरात, शिकलो नाही. आमच्या नारायणगावात चैत्रात तमाशाचे फड राहुट्या टाकून बसतात आणि गावोगावची मंडळी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. माझ्या चुलत्यांचं चहाचं दुकान होतं, त्यामुळे राहुटीत कपबशा पोचवणं माझ्याकडे. एक फडमालकीण सुपारीची रक्कम मोजून घ्यायची आणि पैसे कनवटीला लावायच्या आधी ढोलकीवाल्याच्या उचलीचं बघायची. पाऊस येऊन खेळ बुडाला तरी माणसं जेवलीच पाहिजेत, एवढंच तिचं व्यवस्थापनशास्त्र. पुढे इथल्या मोठमोठ्या टूर मॅनेजरांकडे त्याहून जास्त काही सापडलं नाही.

आता लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचं. तुला घाई झालेली दिसते. गायक-गीतकार जॉन प्राइनचं उदाहरण बघ. शिकागोजवळ टपाल वाटणारा पोस्टमन. १९७० मध्ये त्याच्यावर पहिलं परीक्षण लिहिलं ते रॉजर ईबर्टनं, म्हणजे चक्क सिनेसमीक्षकानं. मग दशकभर मोठ्या कंपन्यांबरोबर काढून त्यानं १९८१ मध्ये मॅनेजर आणि मित्राला घेऊन 'ओह बॉय रेकॉर्ड्स' ही स्वतःची कंपनी काढली. पुढच्या अल्बमसाठी चाहत्यांनी आगाऊ चेक पाठवले. पोस्टमनला पोस्टानं तारलं! दहा वर्षांनी त्याच छोट्या कंपनीच्या अल्बमला ग्रॅमी मिळालं.

तुझ्या मार्गाच्या जास्त जवळचा माणूस म्हणजे गायक-गीतकार जेसन इझबेल. अलाबामातल्या मसल शोल्सच्या परिसरातला. दुसऱ्यांच्या बँडमध्ये सहा वर्षं वाजवून २००७ मध्ये बाहेर पडला आणि आपला बँड बांधला: 'द ४०० युनिट'. फ्लोरेन्स गावातल्या इस्पितळाच्या मनोरुग्ण विभागाला लोक त्या नावानं ओळखत, तिथून नाव घेतलं. (बँडमालकाच्या मनःस्थितीचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलेलं नाही.) सुरुवातीचे अल्बम दुसऱ्यांच्या लेबलांवर, वर्षानुवर्षं दौरे, आणि दारू. २०१२ मध्ये उपचार घेऊन त्यानं ती सोडली. २०१३ मध्ये 'साउथइस्टर्न' आला तो स्वतःच्या लेबलवर. २०१४ पासून जवळपास दर ऑक्टोबरला तो नॅशव्हिलच्या रायमन ऑडिटोरियममध्ये ओळीनं कितीतरी रात्री वाजवत आलाय. १८९२ मध्ये प्रवचनांसाठी बांधलेली ती इमारत, अजूनही चर्चसारखे लाकडी बाक, सुमारे २,३६० जागा. दारू सुटली म्हणून गाणी सुधारली असं लोक म्हणतात. असेलही. मी हिशेबनीस, मला दुसरंच दिसतं: ध्वनिमुद्रणाची मालकी त्याची आहे. नॅशव्हिलमध्ये थर्टी टायगर्ससारख्या कंपन्या वितरणाचं, प्रसिद्धीचं काम करून देतात आणि मालकी कलाकाराकडेच राहते. तुला लेबल नको आहे. तुला हे काम करून देणारं कोणीतरी हवं आहे.

मालकीचा अर्थ नीट समजून घे, कारण इथे भले भले फसतात. गाणं एक, पण कायद्याच्या नजरेत वस्तू दोन: रचना आणि ध्वनिमुद्रण. अमेरिकेतला साधा एएम-एफएम रेडिओ तुझं गाणं वाजवतो तेव्हा पैसे जातात ते रचनेचे. गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला दमडी नाही. सॅटेलाइट आणि इंटरनेट रेडिओ ध्वनिमुद्रणाचेही देतात, ते साउंडएक्सचेंज ही संस्था वाटते: निम्मे मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, ५ टक्के साथीदारांच्या निधीला. रचनेचे पैसे गोळा करणाऱ्या संस्था वेगळ्या: ॲस्कॅप किंवा बीएमआय, आणि स्ट्रीमिंगमधल्या रचनेच्या हक्कासाठी एमएलसी. नोंदणी नसेल तर हे पैसे तुझ्या नावानं कुठेतरी पडून राहतात आणि तुला पत्ताही लागत नाही. क्लबात गायलेल्या आपल्या गाण्यांची यादीसुद्धा ॲस्कॅप-बीएमआयच्या साइटवर भरता येते. रक्कम छोटी असते, पण मोटेलवर दात घासायच्या आधी भरून टाकायची.

आणि रेकॉर्डिंगच्या दिवशीच स्प्लिट शीट, म्हणजे गाण्यात कोणाचा किती वाटा ते लिहिलेला कागद. एका अल्बमच्या वेळी बासवाल्यानं सहज एक लकेर सुचवली, गाणं उजळून निघालं. त्यानं विचारलं, यात माझं किती? मी म्हणालो, बघू नंतर. तीन वर्षांनी ते गाणं एका मालिकेत वाजलं, बऱ्यापैकी मोठा चेक आला, आणि गायक नि तो बासवाला आजतागायत एकमेकांशी बोलत नाहीत. चूक माझी होती. कागद माझ्या बॅगेत होता, पेन खिशात होतं. इथे रीत अशी की लिहायला खोलीत जितकी माणसं बसली तितके समान वाटे. ते आवडत नसेल तर गिटार काढायच्या आधी बोलायचं, नंतर नाही.

तुझ्या व्हिसाबद्दल थोडक्यात: ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, स्वतःचा व्यवसाय म्हणून वाजवता येतं, पण ते संपलं की कलाकारांचा ओ-१ व्हिसा बघावा लागेल आणि तो अर्ज स्वतःचा स्वतः करता येत नाही, इथला एजंट किंवा मालक लागतो. वकील आत्ताच गाठ. प्रत्येक पोस्टर, कात्रण, करार जपून ठेव.

'या अमेरिकन लोकसंगीतात मी शोभते का' हा प्रश्न तू शेवटी, हळूच विचारलास. बँजो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी या देशात आणला. रियानन गिडन्स ही कृष्णवर्णीय गायिका-बँजोवादक आणि तिचे दोन साथीदार नॉर्थ कॅरोलायनात जो थॉम्प्सन नावाच्या म्हाताऱ्या कृष्णवर्णीय फिडलवाल्याच्या घरी जाऊन बसायचे, त्याच्याकडून चाली उचलायचे. त्यातून 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा बँड उभा राहिला आणि ग्रॅमीपर्यंत पोचला. तिच्याकडेही सुरुवातीला लोक असंच बघत असणार. तू जाऊन कोणाच्या ओसरीवर बसतेस ते बघ, बाकी मला सांगता येणार नाही.

शनिवारी चॅटनूगाला निघताय. ट्रेलरचं मागचं डावं चाक मला गेल्या वेळी बसल्यासारखं वाटलं, हवा भरून घे. मॉन्टईगलच्या घाटात उतरताना ट्रेलर मागून रेटतो. गिअर आधीच खाली घे, ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. येताना रात्र होईल. ड्रमरला झोपू दे, गाडी तू चालव.

तुझा,
काका