मुदत कन्व्हर्टर बसवला त्या दिवसापासून मोजा

मुलुंडच्या एका वाचकांनी जुन्या ऑटोमॅटिक एसयूव्हीला बाहेरून मागवलेला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचवणारा भाग, बसवून घेतला. 18 मे 2024 ला गाडी ताब्यात मिळाली आणि 4 जूनला ती द्रुतगती मार्गावर बंद पडली. गिअरबॉक्सचा पंप तुटला होता. बसवणारं गॅरेज म्हणतं कन्व्हर्टर सदोष, विकणारा म्हणतो फिटिंग चुकलं. वर्षभर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बघू, करू’ चाललं आणि मागच्या ऑगस्टमध्ये गॅरेजवाल्याने उत्तर देणंच बंद केलं. आता ते विचारतात, नोटीस कशी लिहू, आणि दोन वर्षं ऑगस्टपासून धरायची ना?

नाही. अशी पत्रं मला सतत येतात आणि जवळजवळ प्रत्येकाची मोजणी इथेच चुकलेली असते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 नुसार तक्रार दाव्याचं कारण, म्हणजे जिच्यामुळे तक्रार उभी राहते ती घटना, घडल्यापासून दोन वर्षांत दाखल व्हायला हवी. समोरच्याने शेवटचा नकार कधी दिला, याला त्या कलमात जागा नाही. तुम्ही फार तर 4 जून म्हणाल. पण गॅरेजचा वकील 18 मे म्हणेल, कारण फिटिंग चुकलं असेल तर ते त्याच दिवशी चुकलं. कोणाचं बरोबर हे ठरवून घेण्याची तुम्हाला गरजच नाही. 18 मे हा पहिला दिवसही धरून मोजलं तर दोन वर्षं 17 मे 2026 ला भरतात आणि तो रविवार आहे. तक्रार शुक्रवारी, 15 मेच्या आत दाखल करा.

मुदतीचा मुद्दा समोरच्याने काढला नाही तरी ग्राहक आयोगाला तो स्वतःहून पाहावाच लागतो. स्टेट बँक विरुद्ध बी. एस. अ‍ॅग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या 2009 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याच्या कलम 24अ बद्दल हे स्पष्ट सांगितलं आणि आजचं कलम 69 त्याच धाटणीचं आहे. पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण ‘ते आज करू, उद्या करू म्हणत होते’ हे कारण पुरेसं ठरेल यावर मी तरी विसंबणार नाही. ‘चूक आमची निघाली तर भरून देऊ’ हा गॅरेजचा मेसेज जबाबदारीची कबुली म्हणून मुदत वाढवेल का? वाद घालता येईल, पण त्या वादावर दावा टांगून ठेवू नका.

नोटीस पाठवायची तर पाठवा. या कायद्यात ती सक्तीची नाही आणि तिच्या उत्तराची वाट बघण्यात उरलेले आठवडे जातील. गॅरेज आणि विक्रेता, दोघांनाही सामनेवाले करा, म्हणजे तक्रार दोघांविरुद्धही करा. एकालाच केलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होईल. तुम्ही मुलुंडला राहता, तेव्हा तक्रार मुंबई उपनगर जिल्हा आयोगाकडे, वांद्रे पूर्वेला. ती ऑनलाइनही दाखल होते. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही.

आता पुराव्याबद्दल. कच्चं बिल, जॉब कार्ड नाही, काय काम केलं याची एक ओळ नाही. एक लाख सत्तर हजार रुपये देताना पक्कं बिल मागायला काय हरकत होती? निदान यूपीआयचे व्यवहार बँकेच्या उताऱ्यात दिसतील, तो उतारा जोडा. मेसेजचे नुसते स्क्रीनशॉट पुरणार नाहीत, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्रही द्या.

तुमचं सगळं प्रकरण काही मिलिमीटरांवर उभं आहे. गिअरबॉक्स इंजिनला जोडल्यावर कन्व्हर्टर पूर्ण मागे ढकलायचा आणि तो व फ्लेक्सप्लेट (इंजिनची फिरती चकती, जिला कन्व्हर्टर बोल्टने जोडतात) यांच्यातलं अंतर मोजायचं. बहुतेक उत्पादक साधारण 3 ते 5 मिलिमीटर सांगतात, तरी तुमच्या कन्व्हर्टरसोबत आलेला कागद शोधा, तोच आकडा चालेल. अंतर जास्त भरलं तर वॉशर घालतात, नाहीतर कन्व्हर्टरचा हब, म्हणजे त्याची मधली नळी, पंपाच्या गिअरमध्ये पुरेसा शिरत नाही. अंतरच उरलं नाही तर कन्व्हर्टर पंपावर दाबून बसतो. आणि तो पंपात बसलाच नसताना बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेतला तर पंप तिथेच मोडतो.

म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या ज्या दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी गिअरबॉक्स उतरवला आहे, त्यांना आजच सांगा: काहीही फेकायचं नाही, पुसायचं नाही, विशेषतः वॉशर. किती निघाले, किती जाडीचे होते, हे त्यांच्या सहीने लिहून घ्या. हबवरची घासलेली खूण तो पंपात किती आत शिरला होता हे दाखवते, तिचा मोजपट्टी ठेवून फोटो काढा. मग स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनीअर बोलवा आणि दोन्ही सामनेवाल्यांना तपासणीची तारीख लेखी कळवा. ते आले नाहीत तरी पाठीमागे तपासलं असं म्हणायला त्यांना जागा राहणार नाही. पंप तुटलेला असल्यामुळे आकडा काटेकोर निघेलच असं नाही. पण हा अहवाल नसेल तर तुमच्या हातात फक्त एका गॅरेजचं दुसऱ्याविरुद्धचं मत उरतं. अहवाल 15 मेपर्यंत तयार झाला नाही तर तक्रार आधी दाखल करा आणि तो मागाहून सादर करायची परवानगी मागा. आयोगामार्फत तपासणी व्हावी असा अर्जही करा.

सामनेवाल्यांना लेखी जबाबासाठी 30 आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे 2020 साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेच ठरवलं आहे. निकाल मात्र कायद्यात म्हटल्याप्रमाणे तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, लागेल अशी आशा मी तुम्हाला देणार नाही. आयोगांतली ही दिरंगाई ग्राहकांवरचा अन्याय आहे. तोवर गाडीविना अडून राहू नका. अहवाल हातात आला की नवा पंप टाकून गाडी चालू करा, जुने भाग सीलबंद करून घरी आणा आणि दुरुस्तीचं पक्कं बिल घ्या.