परदेशी चिठ्ठीवर गांजाचं तेल आणता येईल का?

प्रश्न : वडिलांना (वय ७१) नऊ वर्षं पार्किन्सन्स आहे. लिव्होडोपा चालू असूनही रात्री हातपाय आखडतात. कॅनडातला भाऊ तिथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर गांजाच्या तेलाच्या ३० मिलीच्या चार बाटल्या आणणार आहे. शेजारी म्हणतात, कुंडीत दोन रोपं लावा. औषधासाठी कायद्यात सूट आहे ना?

उत्तर : सूट आहे, पण तुम्ही अर्धंच वाक्य ऐकलंय. एनडीपीएस कायदा, १९८५ (अमली पदार्थांवरचा केंद्रीय कायदा) याचं कलम ८ वैद्यकीय वापराला मोकळीक देतं ते कायद्याने आखलेल्या पद्धतीनेच, आणि परवाना लागत असेल तिथे परवान्यासह. परदेशी डॉक्टरची चिठ्ठी म्हणजे भारतातला परवाना नव्हे. शिवाय कॅनडातून गांजा बाहेर नेणं तिथल्या कायद्यानेही गुन्हा आहे, चिठ्ठी असली तरी. भाऊ निघतानाच अडकू शकतो.

इथे उतरल्यावर बेकायदा आयातीचं कलम २३ लागेल. त्यातली शिक्षा वजनावर ठरते. चरसाच्या व्याख्येत हशीश ऑइल (गांजाच्या झाडाचा दाट अर्क) येतं, त्यामुळे सरकारी पक्ष तेल चरसात धरू पाहील. गांजाचं ‘अल्प प्रमाण’ १ किलो, चरसाचं फक्त १०० ग्रॅम. तेवढ्यापर्यंत एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यापुढे व्यावसायिक प्रमाणापर्यंत (चरसासाठी १ किलो) दहा वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. ‘अर्क थेंबभर, बाकी साधं तेल’ हा बचाव चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या हिरा सिंग निकालानंतर (२०२०) मिश्रणाचं सगळं वजन धरतात. चार बाटल्यांतलं तेल भरतं साधारण ११० ग्रॅम!

कुरियरने मागवलंत तर पार्सलवर तुमचं नाव असेल. ‘येताना घेऊन ये’ हा मेसेजसुद्धा कलम २९ खाली चिथावणीचा पुरावा ठरू शकतो, आणि त्याची शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच.

कुंड्यांचा सल्ला त्याहून वाईट. लागवडीला अल्प प्रमाणाची सवलतच नाही. एका रोपालाही दहा वर्षांपर्यंतची तरतूद आहे. घर वडिलांच्या नावावर असेल आणि त्यांनी जाणूनबुजून लावू दिलं, तर कलम २५ खाली तेही आरोपी.

मोकळी वाट एकच. शेंडे-फुलोरा सोबत नसलेली पानं आणि बिया केंद्रीय कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत (पानांवर राज्याचा अबकारी किंवा दारूबंदी कायदा मात्र लागू होऊ शकतो). पानांपासूनची ‘विजया’युक्त (विजया म्हणजे भांग) औषधं आयुर्वेदात परवान्याने बनतात. नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी घ्या. लेबलवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना पाहा. परवाना क्रमांक नसलेलं ‘सीबीडी ऑइल’ (सीबीडी हा गांजातला नशा न आणणारा घटक) घेऊ नका. हेम्प सीड ऑइल हे निव्वळ खाद्यतेल, त्यात कॅनाबिनॉइड (सीबीडीसारखे गांजातले परिणामकारक घटक) जवळजवळ नसतात. बिल, चिठ्ठी आणि मूळ बाटली एकत्र ठेवा. परदेशप्रवासात ती बाटली नेऊ नका.

आणि आधी न्यूरोलॉजिस्टना विचारा. पार्किन्सन्सवर गांजाचा उपयोग अजून सिद्ध झालेला नाही. उठताना रक्तदाब घसरणं आणि भास होणं हा त्रास या रुग्णांना मुळातच असतो, टीएचसीने (गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाने) तो वाढू शकतो. रात्रीच्या आखडण्यावर लिव्होडोपाच्या वेळा बदलूनही बराच फरक पडू शकतो, आणि त्याला कुठलंच कलम लागत नाही.