डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या कथा-खेळात मेलेला माणूस परत जिवंत करता येतो, मग खुन्याला फाशी देऊन उपयोग काय?

उपयोग आहे, पण फाशीनंतर प्रेत कोणाच्या ताब्यात राहतं ते आधी ठरवा.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या कॅम्पेनमधल्या, म्हणजे तुम्ही खेळताय त्या सलग गोष्टीतल्या, एका सरदाराने भर बाजारात खून केला, राजाने त्याला लटकवलं, आणि घरच्यांनी आठवड्याच्या आत क्लेरिक, म्हणजे दैवी मंत्र येणारा पुजारी, गाठून त्याला उठवून आणलं. आता राजाची इज्जत कशी वाचवायची? मी पुण्यात डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि नियम सांभाळणारा) म्हणून गेम चालवतो आणि आमच्या टेबलावर शिवाजीनगर कोर्टात वकिली करणारा एक मित्र बसतो. त्यामुळे या प्रश्नावर आमच्याकडे ड्रॅगनपेक्षा जास्त वेळ खर्च झालाय.

नियम पाचव्या आवृत्तीचे धरतो. मेलेल्याला उठवायचा रेझ डेड हा मंत्र चालतो तो मृत्यूनंतर दहा दिवसांपर्यंत. त्याला ५०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, तो मंत्रात संपतो, आणि डोकंच नसेल तर मंत्र फुकट जातो. म्हणजे फासाऐवजी शिरच्छेद करा, मुंडकं राजाच्या कुलपात ठेवा, बऱ्याच घराण्यांची वाट तिथेच बंद होते. रिझरेक्शन हा त्याहून मोठा मंत्र तुटलेले अवयवही परत देतो आणि शंभर वर्षांपर्यंत चालतो, पण प्रेताला हात लावावा लागतो. राख नदीत सोडली की हात लावणार कशाला? उरलं ट्रू रिझरेक्शन. त्याला प्रेतही लागत नाही, पण २५,००० नाण्यांचे हिरे आणि नवव्या लेव्हलचा मंत्र येणारा क्लेरिक लागतो. असे तुमच्या जगात किती ठेवायचे ते तुमच्याच हातात आहे.

आता ५०० हा आकडा जरा नीट बघा. नियमांप्रमाणे अकुशल मजुराला दिवसाला चांदीची २ नाणी मिळतात आणि सोन्याच्या एका नाण्याला चांदीची १० पडतात. म्हणजे तो हिरा ही मजुराची २,५०० दिवसांची कमाई झाली, एक दिवसही न खाता. गरिबाला मरण आणि सरदाराला दंडाची पावती! जादू नसतानाही हे होतंच म्हणा. रामशास्त्र्यांनी नारायणरावांच्या खुनाबद्दल देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, पण राघोबादादा वारले ते पुढे दहा वर्षांनी, १७८३ साली कोपरगावला. तुमच्या राजाला हे टाळायचं असेल तर प्रेत नातेवाइकांकडे द्यायचंच नाही. कसाबला २०१२ मध्ये येरवड्यात फाशी दिली आणि दफनही तुरुंगाच्या आवारातच केलं. तुमच्याकडे त्यावर पहारा तेवढा वाढवा.

‘दहा खून केले तर दहा वेळा मारा, दहा वेळा उठवा’ ही कल्पना प्रत्येक नव्या ग्रुपमध्ये कोणीतरी मांडतोच. ती चालत नाही. आत्मा राजी असल्याशिवाय परत येत नाही, आणि कोण बोलावतंय त्याचं नाव आणि दैवत त्याला कळतं. जल्लादाच्या हाकेला ओ कोण देईल?

मला स्वतःला खरी गंमत वाटते ती खून झालेल्याच्या बाजूला. बळी परत आला तर तो खून धरायचा का? कचाला असुरांनी तीनदा मारलं आणि शुक्राचार्यांनी तिन्ही वेळा उठवलं. शेवटी निर्बंध आला तो मद्यपानावर. मारणाऱ्यांवर खटला चालल्याचं काही आपण ऐकलेलं नाही. आमच्या कॅम्पेनमध्ये कोर्ट दहा दिवस थांबतं. तेवढ्यात आरोपीच्या घरच्यांनी हिरा आणला आणि बळी उठून बसला तर गुन्हा गंभीर दुखापतीचा, हिऱ्याचा खर्च आरोपीवर. नाही उठला तर खून. पुण्यात ओंकारेश्वरावर दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची वाट बघत जसे सगळे उभे असतात, तसं आमचं कोर्ट आत्म्याच्या होकाराची वाट बघतं. एकदा बळी ठरलेली म्हातारी स्वर्गात मजेत होती. ती यायलाच तयार झाली नाही, आणि आरोपी फासावर गेला. हे न्याय्य होतं का यावर आमच्यात अजून दोन तट आहेत. माझं मत म्हातारीच्या बाजूने. मेल्यावर कुठे राहायचं हे तिनेच ठरवावं, त्यात खुन्याची सोय तिने का बघावी?

वकिलाचा मुद्दा वेगळा आणि जास्त त्रासदायक आहे. सरदाराला फाशी झाली, तो मेला, शिक्षा भोगून संपली. आता तो उठला तर कोणत्या कलमाखाली धरणार? आपल्या राज्यघटनेच्या कलम २०(२) प्रमाणे एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला आणि शिक्षा होत नाही, हे तो पोहे खाता खाता ऐकवतो. यावर उपाय एकच: निकालपत्रातच लिहा की परवानगीशिवाय परत येणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि उठवणारा क्लेरिकही त्यात आरोपी. देवळं चिडतील. चिडू द्या, राजा विरुद्ध देऊळ असं भांडण डीएमला हवंच असतं.

तुमचा सरदार आधीच परत आलाय, तेव्हा त्याला लगेच पुन्हा लटकवू नका. त्याच्या साथीदाराला फाशी द्या आणि या वेळी प्रेत पहाऱ्यात ठेवा. घराणं तुमच्या पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, ते पळवायला पैसे देईल. दहा दिवसांची मुदत, लाच खाणारा एक जेलर, आणि जेंटल रिपोज हा मंत्र टाकून मुदत गुपचूप वाढवणारा आतला माणूस एवढं दिलंत तर तीन सेशन आरामात निघतात.