दीडशे फुटांच्या आत रेस नको

प्रश्न : काका, आमचं गाव शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या पलीकडे, कांदाटी खोऱ्यात. बाजार, दवाखाना, सगळ्यासाठी लाँचने तापोळ्याला यावं लागतं. शनिवार-रविवारी स्पीडबोटी आमच्या लाँचला घासून जातात. परवा सासूबाई काठावर धुणं धूत होत्या. लाट आली आणि बादली, साबण, धुतलेली दोन लुगडी घेऊन गेली. सासूबाई बसकण मारून वाचल्या. येत्या ग्रामसभेत ताशी २० किलोमीटरची मर्यादा मागायची असं ठरतंय. माझा पुतण्या स्पीडबोट चालवतो. तो म्हणतो, विसाने गिऱ्हाईक बसणारच नाही, आणि अपघात वेगाने होत नाहीत, बेफिकिरीने होतात. घरात अबोला चाललाय. खरं कोणाचं?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : ताई, लुगडी गेली याचं वाईट वाटलं. पण तुमच्या ठरावातला आकडाच चुकलाय. २० मंजूर झाले तर आणखी लुगडी जातील.

बोट अगदी हळू चालते तेव्हा नाक पाण्याला समांतर असतं, लाट किरकोळ. रेस वाढवली की नाक वर येतं, मागची बाजू बसते आणि बोट पाण्याचा ढीग ढकलत निघते. आणखी रेस दिली की ती पाण्यावर चढून सरकायला लागते, तेव्हा नाक खाली येतं आणि लाट उलट लहान होते. पाच-सहा मीटरच्या बोटीची ती मधली, नाक वर करून पाणी नांगरायची अवस्था साधारण ताशी १५ ते २५च्या दरम्यान येते. म्हणजे तुमचे २० म्हणजे नेमकी सर्वात मोठी लाट, तीही दिवसभर, कायदेशीर!

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. पुण्याजवळच्या एका धरणावर सव्वीस वर्षं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायची मशीनं दुरुस्त केली. सुरुवातीच्या काळात एकदा पाहुणे घेऊन ऐटीत धक्क्याकडे आलो आणि शेवटच्या क्षणी रेस एकदम तोडली. बोट थांबली, पण मागून येणारी आमचीच लाट थांबली नाही. ती मागच्या फळीवरून आत आली. बॅटरी बुडाली, आणि मेव्हण्याच्या मांडीवरच्या भेळेत तलाव शिरला. मेव्हणा अजून ती भेळ काढतो.

आता पुतण्याला वाचून दाखवा. बाळा, बोटीला ब्रेक नसतो. आउटबोर्ड बोट वळते ती पंख्याच्या जोरावर, त्यामुळे घाबरून रेस सोडलीस की स्टिअरिंगही गेलं. ताशी ४०ने तू सेकंदाला ११ मीटर जातोस. पोहणाऱ्याचं डोकं पाण्यावर नारळाएवढं दिसतं, आणि संध्याकाळी ऊन समोरून आलं की तेही नाही. दिसेपर्यंत आणि हात हलेपर्यंत तीन सेकंद गेले, तर ३३ मीटर संपले. याला बेफिकिरी म्हण, नाहीतर वेग म्हण. बुडणाऱ्याला फरक पडत नाही.

हे भांडण काही तुमच्याच घरातलं नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये विनिपसॉकी नावाचा मोठा तलाव आहे. तिथे २००९पासून दोन वर्षं प्रयोग म्हणून वेगमर्यादा लावली, पुढे ती कायम झाली : दिवसा ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर, आणि रात्री ३० मैल. पुतण्याचीच वाक्यं तिथेही बोलली गेली. इंग्लंडच्या विंडरमियरवर तर २००५पासून ताशी १० सागरी मैल, म्हणजे साडेअठरा किलोमीटर. पण तो तलाव जेमतेम १७ किलोमीटर लांब. त्यात शिडाच्या होड्या, प्रवासी बोटी आणि पोहणारे. पाच वर्षं आधी कळवून मर्यादा लागू केली, तरी वॉटर-स्कीवाल्यांना गाशा गुंडाळावा लागला. शिवसागराचा फुगवटा सुमारे ५० किलोमीटरचा. गर्दी धक्क्यांपाशी, मधलं पाणी बव्हंशी रिकामं. विंडरमियरचा आकडा इथे आणून काय करणार?

मला आवडतो तो न्यू हॅम्पशायरचा दुसरा नियम. दुसरी बोट, पोहणारा, धक्का किंवा काठ यांच्यापासून दीडशे फुटांच्या आत चालीचा वेग : ताशी ६ मैल, साधारण १० किलोमीटर. दीडशे फूट म्हणजे चार एसटी एकामागे एक उभ्या केल्या तर होतील तेवढं. वेग मोजायला यंत्र लागतं, पण चार एसटी तुमच्या सासूबाईंनाही काठावरून मोजता येतील. लाँच आणि तराफ्याच्या आसपासही हेच मागा. त्या रेषेच्या बाहेर पुतण्या त्याच्या गिऱ्हाइकाला खुशाल पळवू दे, मात्र सूर्य मावळला की बोट धक्क्याला.

खुणेसाठी भगवे रंगवलेले कॅन, दोरी आणि धोंडा पुरतो. फक्त कोयनेचं पाणी दिवाळीपासून मेपर्यंत उतरत जातं, काठ सरकतो, बुडालेली खोडं वर येतात. कॅन दर पंधरवड्याला हलवायला माणूस नेमा, नाहीतर मार्चमध्ये ते चिखलात लोळतील.

आणि ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. पाणी जलसंपदा खात्याचं, बराचसा काठ अभयारण्याचा. ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडेही पाठवा आणि त्यात २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याचा उल्लेख करा. यांत्रिक बोटीची नोंदणी, तपासणी आणि विमा त्यात आहे. पुतण्याचे कागद आधी बघून घ्या हो, नाहीतर पहिली बोट त्याचीच बंद व्हायची.

पुतण्याच्या बाजूनेही एक सांगतो. उजनीत २१ मे २०२४ला कळाशी-कुगाव बोट उलटून सहा जण गेले, ते सुसाट्याच्या वाऱ्याने. वळवाचं आभाळ भरलं की लाँचनेही निघू नये, बाजार बुडाला तरी.

प्रश्न : बोट क्लबवर विटलेली, बकल तुटलेली लाइफ जॅकेटं देतात. नको म्हटलं तर 'काही होत नाही' म्हणतात. काय करावं?
– एक आई, पुणे

उत्तर : जॅकेट घालून सगळे बंद आवळा आणि कोणाला तरी ते खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. कानांच्या वर गेलं तर ते तुमच्या मापाचं नाही, पाण्यात ते वर आणि तुम्ही खाली. मुलांना मोठ्यांचं मुळीच नको. बकल तुटलेलं असेल तर सुतळीने बांधून देतील, तेही नको. वडोदऱ्याच्या हरणी तलावात जानेवारी २०२४मध्ये सहलीची १२ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत माणसं जास्त होती, अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. तेव्हा उतरा आणि तिकिटाचे पैसे परत मागा. मुलं रडतील, त्यांना कणीस घेऊन द्या.