इतिहासकारांना आजही कोड्यात टाकणाऱ्या प्राचीन वस्तू कोणत्या? त्यांच्यामागे एखादी हरवलेली प्रगत संस्कृती असेल का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आहे. नाही. मी ज्या वस्तूंबद्दल नीट वाचलं आहे, त्यांतल्या एकीसाठीही अशी संस्कृती गृहीत धरावी लागत नाही. पहिल्या भागाचं उत्तर मात्र लांबेल. या विषयाची मला अनेक वर्षांची ओढ आहे आणि यादी देऊन मोकळं होणं मला जमणार नाही.

सुरुवात अँटिकिथेराच्या यंत्रापासूनच करायला हवी. १९०० साली ग्रीसमधल्या अँटिकिथेरा बेटाजवळ स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना समुद्राच्या तळाशी एक बुडालेलं जहाज सापडलं. इसवी सनापूर्वी ७० ते ६०च्या सुमारास ते बुडालं असावं. वर्षभरात तिथून कांस्याचे आणि संगमरवराचे पुतळे, काचेची भांडी, दागिने असा बराच ऐवज वर आला. त्यातच गंजून हिरवा पडलेला धातूचा एक गोळा होता. पुतळ्यांपुढे त्याच्याकडे कोण बघणार? पुढे सुकल्यावर तो फुटला आणि १९०२ साली व्हॅलेरिओस स्टाइस या पुरातत्त्वज्ञाला आत एक दातेरी चाक दिसलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या जहाजात घड्याळासारखं चाक! नंतरच्या काळातली एखादी वस्तू चुकून तिथे पडली असेल, असं तेव्हा अनेकांना वाटलं, आणि त्यांना दोष देता येत नाही.

डेरेक डी सोला प्राइस या संशोधकाने १९५०च्या दशकात हे तुकडे हाती घेतले. क्ष-किरण छायाचित्रांच्या आधारे १९७४ साली त्याने आतल्या चाकांची मांडणी प्रसिद्ध केली. तिच्यात चुका होत्या, पण हे आकाशाचं गणित करणारं यंत्र आहे हे त्याने पक्कं केलं. २००५ साली आठ टन वजनाचं स्कॅनर अथेन्सच्या संग्रहालयात नेलं गेलं, कारण हे तुकडे इतके नाजूक आहेत की त्यांना बाहेर नेणं शक्यच नव्हतं. सीटी स्कॅनमध्ये गंजाच्या आतली अक्षरंसुद्धा वाचता आली. काही अक्षरं दोन मिलिमीटरही उंच नाहीत.

आज या यंत्राचे ८२ तुकडे आणि ३० दातेरी चाकं आपल्या हाती आहेत. बाजूची मूठ फिरवली की पुढच्या तबकडीवर सूर्य आणि चंद्र राशीचक्रातून पुढे सरकत. मागच्या एका सर्पिल तबकडीवर २३५ चांद्रमासांचं, म्हणजे १९ वर्षांचं चक्र होतं. १९ वर्षांचे बारा-बाराच्या हिशेबाने २२८ महिने होतात. उरलेले ७ अधिक महिने केव्हा धरायचे, ते या तबकडीवरून कळे. दुसऱ्या सर्पिलावर २२३ महिन्यांचं ग्रहणचक्र होतं. कोणत्या महिन्यात ग्रहण संभवतं आणि ते सूर्याचं की चंद्राचं, तेही तिथे कोरलेलं आहे. एक छोटी तबकडी तर ऑलिंपियासारख्या क्रीडामहोत्सवांचं चार वर्षांचं चक्र दाखवते.

माझा जीव मात्र एका खुंटीवर जडला आहे. चंद्र आकाशात एकाच वेगाने चालत नाही, कधी जलद तर कधी सावकाश सरकतो. हे यंत्रात उतरवायला कारागिराने दोन चाकं एकावर एक ठेवली आणि त्यांचे आस एकमेकांपासून सुमारे एक मिलिमीटर सरकवले. एका चाकावरची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत बसवली. चाकं फिरली की खुंटी खाचेत मागेपुढे घसरते आणि वरच्या चाकाचा वेग आपोआप कमीजास्त होतो. कानस घेऊन कांस्याच्या पत्र्यात एकेक दाता कापणाऱ्या त्या माणसाला हे सुचलं, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

‘हे त्या काळातलं वाटतच नाही’ असं लोक म्हणतात, पण यंत्र स्वतःच आपला काळ सांगतं. त्यावरचा मजकूर ग्रीक आहे, महिन्यांची नावं कॉरिंथच्या वसाहतींमध्ये चालणारी आहेत. ग्रहणचक्र बॅबिलोनच्या निरीक्षकांनी शतकानुशतकं ठेवलेल्या नोंदींतून आलेलं आहे आणि चंद्राच्या असमान गतीची भूमिती ग्रीकांची आहे. रोमन लेखक सिसेरोनेही आकाशस्थ गोलांच्या गती दाखवणाऱ्या अशा यंत्रांचा उल्लेख केला आहे. त्यांतलं एक आर्किमिडीजचं, दुसरं ऱ्होड्स बेटावरच्या पोसिडोनियस या तत्त्वज्ञाचं. मग अशी यंत्रं आणखी का सापडत नाहीत? कारण कांस्य महाग होतं. मोडलं की वितळवून त्याची नाणी, हत्यारं, भांडी केली जात. ग्रीकांचे अस्सल कांस्यपुतळेही आज मोजकेच उरले आहेत, आणि त्यांतले बरेच समुद्रातून आलेले आहेत. जहाज बुडालं म्हणून हे यंत्र भट्टीतून वाचलं.

आता जिचं उत्तर खरोखरच कोणाकडे नाही, अशा वस्तूकडे येते. रोमन साम्राज्यातली द्वादशफलकं. मुठीत मावेल एवढा, तांबे-मिश्रधातूचा पोकळ गोळा. बारा पंचकोनी बाजू, प्रत्येक बाजूला गोल भोक, ही भोकं वेगवेगळ्या आकारांची, आणि वीसही कोपऱ्यांवर एकेक गोटी. अशा शंभराहून जास्त वस्तू आजच्या ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि आसपासच्या प्रदेशांत सापडल्या आहेत. खुद्द इटलीत मात्र त्या मिळत नाहीत. पहिली नोंद १७३९ची, म्हणजे पावणेतीनशेहून जास्त वर्षं आपण विचार करतो आहोत. आणि रोमन लोकांनी, ज्यांनी शेतीपासून दगड आणि बाण फेकणाऱ्या युद्धयंत्रांपर्यंत सगळ्यावर लिहून ठेवलं, या वस्तूबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. एखाद्या भित्तिचित्रातही ती दिसत नाही.

तर्क पुष्कळ आहेत. मेणबत्ती ठेवायचं साधन म्हणावं, तर त्यासाठी इतकी किचकट ओतकामाची मेहनत कोण घेईल? अंतर किंवा पेरणीची वेळ मोजायचं उपकरण म्हणावं, तर कोणत्याही दोन वस्तूंची मापं जुळत नाहीत आणि त्यांवर आकडेही नाहीत. हातमोजे विणायचा साचा हा तर्क सध्या फार लोकप्रिय आहे. पण सुयांचं विणकाम त्या काळी युरोपात होतं याचा पुरावा नाही, आणि धागा सतत घासला असता तर गोट्या झिजल्या असत्या. झीज तर दिसतच नाही. काही द्वादशफलकं नाण्यांच्या साठ्यात सापडली, म्हणजे मालकाला ती मोलाची वाटत होती. मला स्वतःला श्रद्धेशी किंवा भविष्यकथनाशी जोडलेल्या वस्तूचा तर्क त्यातल्या त्यात पटतो. रोमचं राज्य आलं तरी गॉल (साधारण आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनमधल्या लोकांचे आपले देव आणि विधी चालूच होते. रोमच्या लेखकांचं मौन आणि वस्तूंचा मर्यादित प्रदेश, दोन्ही त्यात बसतात. पण हे माझं झुकतं माप आहे, पुरावा नव्हे.

इथेच खरी गोष्ट सांगायला हवी. यांतली बहुतेक द्वादशफलकं पद्धतशीर उत्खननात मिळालेली नाहीत. नांगराच्या फाळाला लागली, धातुशोधकाने दाखवली, जुन्या संग्रहात पडून होती. ती मातीच्या कोणत्या थरात होती, शेजारी काय होतं, हाडं की राख की भांड्यांची खापरं, हे कायमचं पुसलं गेलं. म्हणून २०२३ साली इंग्लंडमध्ये लिंकनशायरमधल्या नॉर्टन डिस्नी इथे स्थानिक हौशी गटाच्या खोदकामात एक अखंड द्वादशफलक सापडलं, तेव्हा अभ्यासक इतके हरखले. वस्तू सुंदर होतीच, पण ती ज्या खड्ड्यात होती तो खड्डाही शाबूत होता.

फैस्तोसच्या चकतीची अडचण वेगळी आहे. क्रीट बेटावरच्या फैस्तोसच्या राजवाड्यात १९०८ साली लुइजी पर्निएरला भाजलेल्या मातीची, सुमारे १६ सेंटिमीटर व्यासाची ही चकती सापडली. दोन्ही बाजूंना चिन्हं सर्पिलाकार मांडलेली. ओल्या मातीत एकेक ठसा दाबून ती उमटवली आहेत. वेगवेगळी चिन्हं ४५, एकूण ठसे २४१, गट ६१. ही वाचल्याचे दावे दर थोड्या वर्षांनी होतात. कोणी प्रार्थना वाचतं, कोणी पंचांग. मी यांतल्या कशावरही विश्वास ठेवत नाही आणि तुम्हीही ठेवू नका, कारण २४१ ठशांत काहीही बसवता येतं आणि ते तपासायला दुसरा मजकूर नाही. मायकेल व्हेंट्रिसने १९५२ साली क्रीटचीच लीनिअर बी लिपी उलगडली. त्याच्या हाताशी शेकडो पाट्या होत्या, एकच शब्द वेगवेगळ्या शेवटांसह पुन्हापुन्हा येत होता, आणि अ‍ॅलिस कोबर या संशोधिकेने त्या शेवटांचे तक्ते वर्षानुवर्षं खपून तयार करून ठेवले होते. चकतीला अशी भावंडंच नाहीत. सिंधू लिपीचंही दुखणं हेच: शिक्के हजारो, पण एका लेखात सरासरी पाचच चिन्हं.

‘बगदादची बॅटरी’ तुम्ही ऐकलीच असेल. बगदादजवळ १९३६ साली सापडलेलं मातीचं भांडं, आत तांब्याची नळी, नळीत लोखंडाची कांब, तोंडाशी डांबराची गुडदी. व्हिनेगर ओतलं की थोडी वीज मिळते, हे प्रयोगांत दिसलं आहे. पण कोणत्याही दोन धातूंचं असंच होतं. तार एकही सापडली नाही. विजेने मुलामा दिलेली वस्तूही नाही, त्या काळचा मुलामा पारा वापरून दिला जाई. शिवाय डांबराने तोंड बंद केलेल्या भांड्यात द्रव पुन्हा भरणार कसा? गुंडाळी केलेले लेख किंवा मंत्र जपून ठेवायचं भांडं, हे उत्तर मला कितीतरी सरळ वाटतं. २००३ साली इराकच्या राष्ट्रीय संग्रहालयाची लूट झाली तेव्हा ते गेलं. आता नवी तपासणीही होऊ शकत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्राचीन मेक्सिकोतल्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या स्फटिकाच्या कवट्यांवर फार वेळ घालवू नका. ब्रिटिश म्युझियमने १८९७ साली एक विकत घेतली होती. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर फिरत्या चाकाने घासल्याच्या खुणा दिसल्या, आणि कोलंबसपूर्व मेक्सिकोत असं चाक वापरत नसत. तिचा माग युजीन बोबान नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्यापर्यंत जातो. एकही कवटी कोणत्याही नोंदवलेल्या उत्खननात मिळालेली नाही. अशी वस्तू समोर आली की मी सगळ्यात आधी एकच विचारते: ही जमिनीतून काढताना कोणी पाहिलं?

तुम्हाला एकाच वस्तूचा पाठपुरावा करायचा असेल तर अँटिकिथेराचाच करा, कारण ते जहाज अजून पुरतं रिकामं झालेलं नाही. २०१७ साली तिथे एका कांस्यपुतळ्याचा हात मिळाला, म्हणजे त्या पुतळ्याचं उरलेलं अंग तळाशी असू शकतं. २०२२ साली काही टनांचे खडक बाजूला केले तेव्हा खाली संगमरवराचं एक दाढीवालं शिर होतं. हेराक्लीसचा शिर नसलेला एक पुतळा १९००च्या मोहिमेतच वर आला होता आणि अथेन्सच्या संग्रहालयात उभा आहे. हे शिर त्याचंच असावं, असं शोधपथकाला वाटतं. यंत्राच्या पुढच्या बाजूला तेव्हा माहीत असलेले पाचही ग्रह दाखवले जात, असं त्यावरच्या मजकुरावरून दिसतं. पण ते फिरवणारी बहुतेक चाकं अजून मिळालेली नाहीत.