जोजिला खिंडीत पहिल्यांदाच निघालास, तर एवढं ऐक

नाशिकचा कांदा घेऊन लेहला निघालायस, चांगलंय. पण कसारा घाट पाठ आहे म्हणून जोजिलाला हलक्यात घेऊ नकोस. 3,528 मीटरवर दिवसा चिखल असतो आणि पहाटे त्याच चिखलाचा आरसा झालेला असतो.

पांढऱ्या बर्फाला मी घाबरत नाही, तो दिसतो तरी. घाबरतो ते काळ्या, ओलसर चमकणाऱ्या पट्ट्याला. दुपारी वितळलेलं पाणी सावलीच्या वळणावर गोठतं. टायरचा पाणी उडवण्याचा आवाज अचानक बंद झाला, की समज खाली बर्फ आहे. तेव्हा ब्रेक मारू नकोस, अॅक्सिलरेटरवरून हळूच पाय काढ. उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाक. मध्येच बदलायला गेलास तर गाडी तुझी राहत नाही. एक्झॉस्ट ब्रेकही (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा) जपून, मागची चाकं घसरतात. येताना गाडी रिकामी असेल तर जास्तच.

टायरवरची बर्फाची चेन खिंडीच्या अलीकडे सोनमर्गलाच सपाटीवर चढव, इंजिन फिरवतं त्या ड्राइव्हच्या चाकांना. किलोमीटरभर गेलास की उतरून परत ताण.

ब्रेकच्या एअर टाकीत साचलेलं पाणी रोज संध्याकाळी काढ, नाहीतर रात्री गोठतं. मी एकदा आळस केला, सकाळी ब्रेक सुटेचनात. द्रासला दुपारपर्यंत बसलो. वर आमचा क्लीनर गाडीखाली जाळ करायला निघालेला! डिझेल तिकडचं हिवाळी भर, ते उणे 33 अंशांपर्यंत गोठत नाही.

आणि रस्ता बंद म्हणाले की बंद. ट्रान्सपोर्टवाल्याचे फोन येतील, वाजू दे.